विमान नाकासमोर का उडत नाही?

बुलढाणा जिल्ह्यात काय नाही? उल्का आदळून झालेलं विवर आहे, जिजाऊंचं जन्मस्थान आहे, शेगाव आहे, खामगावची चांदी आहे आणि भेंडवळची घटमांडणी आहे, जिच्यावरून पाऊस, पीक आणि राजकारण या तिन्हींचे अंदाज अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या पहाटे एकदमच उरकले जातात. नाही ते फक्त प्रवासी विमान. घाटाखालच्या माणसाला ते पकडायचं तर जळगाव गाठावं लागतं, घाटावरच्याला छत्रपती संभाजीनगर. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईला विमान जायला लागलं. अकोल्याजवळ शिवणीला तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून धावपट्टी आहे. पण जिल्ह्याच्या हद्दीत उभं राहून तिकीट दाखवावं आणि विमानात बसावं, अशी सोय नाही.

अशा जिल्ह्यात ज्याला घरच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायची हौस लागते, त्याच्यापुढचा पहिला प्रश्न म्हणजे निघायचं कुठून. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची १९८२ साली पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून कित्येक वर्षं सगळ्या जगाची विमानं शिकागोच्या मेग्ज फील्डवरून निघत. हा खराखुरा विमानतळ तिथल्या महापौरांनी २००३ च्या मार्चअखेरीस एका रात्रीत बुलडोझर घालून उखडला. २०२० च्या आवृत्तीत मात्र अख्खी पृथ्वी नकाशावर आहे आणि कुठंही बोट ठेवून ‘इथून’ म्हणता येतं. तिथं धावपट्टी नसली तरी सिम्युलेटर कुरकुर करत नाही. तो विमान सरळ हवेत सोडून देतो. त्यामुळे चिखलीचा, मोताळ्याचा किंवा मेहकरचा हौशी वैमानिक उड्डाण असं करतच नाही. त्याचं विमान आपल्या गावाच्या डोक्यावर आयतं उडतच जन्माला येतं.

या जन्माआधी प्रदीर्घ प्रतीक्षा असते. सिम्युलेटर डिस्कवर १५० जीबी जागा मागतो. दिवसाला दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर तेवढं उतरवायचं म्हटलं तर ७५ दिवस लागतील, तेही घरातल्या बाकीच्यांनी एकही व्हिडिओ न पाहता. म्हणून तालुक्याच्या गावात वायफायवाल्या मावशीकडे भाचे अचानक मुक्कामाला येतात आणि रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवतात. मावशीला वाटतं, पोरगं परीक्षेचा अभ्यास करतंय.

हवेत जन्मलेल्या विमानाला वळण लागलेलं नसतं. डोळे उघडताच ते नाक वर करतं. वैमानिक घाबरून जॉयस्टिक पुढे ढकलतो, तशी समोर शेतंच शेतं. तो झटक्यात मागे ओढतो, तसं निव्वळ आभाळ. शेत, आभाळ, शेत, आभाळ असं सुरू झालं की मागे खाटेवर बसलेला मित्र विचारतो, “अबे, याच्यात उलटीची पिशवी देतात का?” त्यानंतर विमान पडतं आणि घरात चौकशी बसते. संशयितांच्या यादीत जॉयस्टिक असते, केबल असते, कॉम्प्युटर असतो, सॉफ्टवेअर असतं. वैमानिकाचं नाव त्या यादीत नसतं.

न्यायाच्या बाजूनं बोलायचं तर वैमानिक अगदीच चुकीचा नसतो. खऱ्या सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या योकला, म्हणजे हातातल्या सुकाणूला, पोलादी तारा जोडलेल्या असतात, तारांच्या दुसऱ्या टोकाला शेपटीवरचा, नाक वरखाली करणारा एलेव्हेटर असतो आणि एलेव्हेटरवरून हवा धावत असते. वेग दुप्पट झाला की त्या हवेचा जोर चौपट होतो, म्हणून वेगात असताना योक हाताला जड लागतो आणि हळू उडताना ढिला. वैमानिकाच्या तळहाताला वेग डोळ्यांआधी कळतो. टेबलावरच्या जॉयस्टिकमध्ये हवा नसते, एक स्प्रिंग असते. विमान जमिनीवर उभं असो की सुसाट सुटलेलं असो, ती स्प्रिंग तेवढ्याच जोरानं मधोमध परत येते. शिवाय खरा योक वीतभर पुढेमागे सरकतो. जॉयस्टिकचं बोंड जेमतेम काही सेंटिमीटर हलतं. वीतभर हालचालीचं काम बोटभर जागेत उरकायचं, म्हणजे मनगट नुसतं फुरफुरलं तरी विमानाला तो आदेश वाटतो.

ही तक्रार विमानाइतकीच जुनी आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर ऑर्विल राइटनं पहिलं उड्डाण केलं, ते १२ सेकंद टिकलं आणि १२० फुटांवर संपलं. त्या विमानाचा एलेव्हेटर पुढच्या बाजूला होता आणि त्याचा तोल असा साधलेला होता की थोडा हलवला की उरलेला तो आपणहून वळे. विमान एकदम वर झेपावे, एकदम खाली सूर मारी. सुधारायला सेटिंगचा पडदा नव्हता. तरी दोघा भावांनी त्याच दिवशी आलटून पालटून आणखी तीन उड्डाणं केली आणि शेवटचं ५९ सेकंदांपर्यंत नेलं. बुलढाण्याच्या मुलाचं विमान पहिल्याच दिवशी १२ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हवेत राहतं, ही गोष्ट त्याला कुणी सांगत नाही. सांगितली तर तो डोक्यावर घेईल, अशी घरच्यांना भीती असते.

जमिनीवर बसून उडायची कल्पनाही कॉम्प्युटरची नाही. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना होता. विमान शिकणं परवडेना, तेव्हा या पठ्ठ्यानं १९२९ च्या सुमारास कारखान्यातलेच भाते लावून डुलणारं, झुकणारं एक बुटकं विमान तयार केलं. पंपानं भात्यांत हवा कमीजास्त करायची आणि विमानाचं नाक वरखाली करायचं. सुरुवातीला ते जत्रेतलं खेळणं म्हणूनच विकलं गेलं. १९३४ साली अमेरिकी लष्कराला टपाल वाहण्याचं काम मिळालं, खराब हवेत वैमानिक पटापट मरू लागले, तेव्हा लष्करानं त्याची सहा यंत्रं घेतली आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्याच्यावर घडले. सिम्युलेटरचा मूळपुरुष पेटीच्या भात्यावर चालत होता, हे कळल्यावर संगीत विशारदच्या परीक्षेला बसलेल्या बहिणीचा घरातला भाव एकदम वाढतो.

आता सेटिंगच्या पडद्याकडे येऊ, कारण हौशी वैमानिकाची खरी हवाई कारकीर्द तिथंच जाते. एका चौकटीत एक रेघ असते. आडव्या बाजूला हात किती हलला, उभ्या बाजूला विमानानं किती ऐकलं. रेघ सरळ असली की जितकं सांगाल तितकं ऐकलं जातं. सेन्सिटिव्हिटी उणे केली की रेघेला बाक येतो आणि मधला भाग मऊ पडतो. थोडा हात हलवला तर विमान अगदी थोडं हलतं. सगळ्यांना हेच हवं असतं, म्हणून जो तो उणे ३०, उणे ४० असं करत जातो. पण हात पूर्ण ओढल्यावर एलेव्हेटरही पूर्ण वळलाच पाहिजे, त्यामुळे मध्यावर जो तिखटपणा वाचवला तो सगळा कडेला जाऊन साठतो. आकाशात विमान गोगलगाय होतं. उतरताना शेवटच्या दहा फुटांत नाक वर घ्यायला हात जरा जास्त मागे गेला की तो साठवलेला तिखटपणा एकदम अंगावर येतो, आणि टेकायला आलेलं विमान पुन्हा आभाळाच्या वाटेला लागतं.

यावर उपाय सांगणारे लोक जिल्ह्यात मुबलक आहेत. पहिला पंथ ‘उणे’वाल्यांचा. विमान कोणतंही असो, तक्रार कोणतीही असो, “अजून दहा कमी कर” हे त्यांचं औषध. दुसरा पंथ डेड झोनवाल्यांचा. जॉयस्टिक मधोमध असताना थोडी हलली तरी विमानाला कळवायचंच नाही, असा हा पट्टा असतो. त्याचं कारण खरं आहे. स्वस्त जॉयस्टिकच्या पोटात पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे एका पट्टीवर घासत फिरणारा संपर्क. मलकापूर-नांदुऱ्याकडे उन्हाळ्यात जी धूळ उडते, ती कपाटातल्या इस्त्रीच्या कपड्यांवर बसते तशी याच्यावरही बसते. मग कुणी हात लावला नसताना विंडोजच्या तपासणी चौकटीतलं अधिकचं चिन्ह थरथरत राहतं. दोन-तीन टक्के डेड झोन दिला की थरथर लपते. पण पंथ दोन टक्क्यांवर थांबत नाही. पंधरा टक्क्यांवर गेलं की हात इकडून तिकडे जातो, विमान ढिम्म, आणि मग अचानक सगळं एकदम ऐकतं.

तिसरा पंथ रिॲक्टिव्हिटीवाल्यांचा. ही मूळची शंभर टक्के असते. कमी केली की विमान आदेश जरा मुरवून पाळतं. थरथरणाऱ्या हातासाठी ठीक, पण फार कमी केली तर डावीकडे सांगितलेलं तेव्हा पोहोचतं जेव्हा वैमानिक घाबरून उजवीकडे सांगत असतो. दोघंही आपापल्या परीनं बरोबर असतात आणि विमान मेहकरच्या शिवारात पडतं. चौथा पंथ संख्येनं लहान, पण आवाजानं मोठा. हे लोक म्हणतात, कंपनीनं विचार करूनच दिलंय, कशाला हात लावता? त्यांनी स्वतः सिम्युलेटर कधी पाहिलेला नसतो.

हौशी वैमानिक पहिल्या तिन्ही पंथांचं ऐकतो. एकाच वेळी. सेन्सिटिव्हिटी उणे ३५, डेड झोन ८, रिॲक्टिव्हिटी ७०, आणि एलेव्हेटरबरोबर पंख झुकवणाऱ्या आयलेरॉनचंही उरकून घेतो. विमान सुधारलं तर कशानं सुधारलं ते कळत नाही. बिघडलं तर कशानं बिघडलं तेही नाही. एक आकडा बदलायचा, तेच विमान, तीच हवा, तेच वळण पुन्हा घ्यायचं आणि मग दुसऱ्या आकड्याला हात लावायचा, ही पद्धत सोपी आहे. तीत उत्साह मात्र नाही. संध्याकाळ सेटिंगमध्ये जाते. जेवायच्या वेळी आई विचारते, “आज कुठवर गेला रे?” तो म्हणतो, “उणे बेचाळीसवर.”

मुळात शेत-आभाळ-शेत या खेळाचा मोठा भाग सेन्सिटिव्हिटीचा नसतोच. तो ट्रिमचा असतो. सेस्ना १७२ च्या एलेव्हेटरला उजव्या बाजूला एक छोटी झडप असते आणि वैमानिकाच्या गुडघ्याशी एक उभं चाक. चाक फिरवलं की झडप हलते, झडपेवर हवा जोर लावते आणि जो जोर वैमानिकाचा हात लावत होता तो हवा लावायला लागते. बंडी भरताना बैलवाला हेच करतो. भार मागे गेला तर बंडी उलार होते, पुढे आला तर जू बैलांच्या मानेवर बसतं, म्हणून तो एखादं पोतं वीतभर पुढेमागे सरकवून तोल साधतो. जू वाटभर खांद्यानं तोलून धरायचं, असं त्याच्या मनातही येत नाही.

हौशी वैमानिक नेमकं तेच करतो. त्याचा जॉयस्टिकवरचा हात सुटत नाही. खरं विमान शिकवताना शिक्षक सांगतात की आधी इंजिनाची शक्ती लाव, मग नाक हवं तिथं ठेव, मग हातावरचा जोर नाहीसा होईपर्यंत ट्रिम फिरव आणि हात काढून बघ. गोंदियाजवळच्या बिरसीला असो की बारामतीला, शिकाऊ वैमानिकाला यातून जावंच लागतं. घरच्या वैमानिकाला मात्र हात काढला की विमान पडेल अशी खात्री असते. ट्रिम केलेलं नसतं, त्यामुळे ते खरोखरच पडतं आणि त्याची खात्री आणखी पक्की होते.

यात स्प्रिंगही आपला डाव साधते. खऱ्या विमानात ट्रिम केल्यावर योक आहे तिथंच राहतो, फक्त हलका होतो. घरी तसं होत नाही, कारण स्प्रिंगला एकच जागा ठाऊक, मधोमध. म्हणून घरी ट्रिम करायची रीत अशी की काठी धरलेली ठेवायची, ट्रिमचे थोडे टप्पे द्यायचे, नाक हलायला लागलं की काठी तेवढीच सैल करायची, पुन्हा थोडी ट्रिम, पुन्हा थोडी सैल, असं करत ती मध्यावर आणून सोडायची. याला दोन हात लागतात आणि संयम लागतो. दोन हात सगळ्यांकडे असतात.

शिवाय ट्रिमच्या कळा. कीबोर्डच्या उजव्या अंकपट्टीवर ७ दाबलं की नाक खाली जातं आणि १ दाबलं की वर. वरची कळ खाली नेते, खालची वर. काठी पुढे ढकलली की नाक खाली, हे ज्याच्या हातात मुरलंय त्याला हे पटतं. पण ते मुरायला विमान आधी सरळ उडावं लागतं. त्यात निम्म्या लॅपटॉपांना अंकपट्टीच नसते. कीबोर्ड घ्यायला दुकानात गेलेला मुलगा जेव्हा सांगतो की मला फक्त सात आणि एक हवेत, तेव्हा काउंटरवरचा माणूस त्याच्याकडे पाहून मालकाला हाक मारतो.

हे सगळं जमलं तरी पुढचा गैरसमज तयार असतो. वैमानिकाला वाटतं की दोन हजार फुटांवर ट्रिम केलं म्हणजे विमान दोन हजार फुटांवर राहणार. ट्रिमला उंचीशी कर्तव्य नाही. ते वेग धरतं. ९० नॉटला ट्रिम केलेल्या विमानाची शक्ती वाढवली तर ते वेग वाढवण्याऐवजी वर चढतं, शक्ती कमी केली तर ९० च्याच आसपास राहून उतरायला लागतं. मधेच धक्का लागला तर ते लाटेसारखं संथ वरखाली होतं. सेस्नाच्या वेगात अशी एक लाट साधारण अर्ध्या मिनिटाची. हात न लावता बसलं तर लाटा आपोआप विरतात. पण अर्धं मिनिट हात न लावता बसणारा वैमानिक या घरात नसतो. नाक वर निघालं की तो दाबतो, तेवढ्यात ते आपणहूनच खाली यायला लागलेलं असतं, मग दोघं मिळून खाली जातात.

उंचीचा खरा हिशेब जिल्हा स्वतः शिकवतो. मलकापूर घाटाखाली, समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. बुलढाणा घाटावर, साडेसहाशेच्या जवळ, म्हणजे एकवीसशे फुटांच्या तोंडाशी. मलकापूरवर जन्मलेलं विमान वैमानिकानं दोन हजार फुटांवर अगदी सुरेख ट्रिम केलेलं असतं. उंची सांगणारा काटा गोंदल्यासारखा स्थिर. खाली हजार फुटांहून जास्त मोकळी हवा. पहिल्यांदाच हात सोडून तो खुर्चीत रेलतो, मोताळा मागे पडतं, आणि बुलढाण्याच्या वाटेवरचा राजूर घाट समोरून विमानाच्या उंचीला येतो. काटा समुद्रापासूनची उंची दाखवतो, मोताळ्यापासूनची नाही. खाटेवरचा मित्र, जो घाटाखालचा असतो, तो म्हणतो, “घाटात एसटीबी हॉर्न देते ना बे.”

मे महिन्यात याला हवा येऊन मिळते. सिम्युलेटरला त्या क्षणाचं खरं हवामान लावता येतं, आणि ते लावायची हौस नेमकी दुपारी येते. शिवणीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फुटांवर. पण पारा ४५ अंशांवर गेला की तापलेली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीनं ती धावपट्टी पावणेपाच हजार फुटांच्या पुढे जाऊन बसते. म्हणजे मे महिन्यातलं अकोला हे विमानापुरतं महाबळेश्वरहून उंच ठिकाण आहे, थंडी आणि स्ट्रॉबेरी वजा करून. इंजिन दमतं, धावपट्टीवरची धाव लांबते, चढण मंदावते. वैमानिकाला वाटतं एलेव्हेटर ऐकत नाही, म्हणून तो उणे ४२ चं अधिक २० करतो. ऑक्टोबरात हवा थंड होते, विमान चपळ होतं, आणि आता ते चावतंय म्हणून तो पुन्हा उणेकडे निघतो.

या जाचातून सुटका करून घेतलेला एक वर्ग आहे, एअरबसवाल्यांचा. १९८८ पासून सेवेत असलेल्या ए-३२० ला योक नाही, बाजूला जॉयस्टिकसारखीच काठी आहे आणि ट्रिम कॉम्प्युटर करतो. नाक ठेवलं तिथं राहतं. टेबलावरची काठी आणि खरी काठी यांत फारसं अंतर नसल्यामुळे हे लोक पहिल्याच आठवड्यात मुंबई-दिल्ली करतात आणि सेस्नावाल्याला विचारतात, “अजून मेहकरातच का?” त्यांना कधीतरी आग्रहानं सेस्नात बसवावं. शेत, आभाळ, शेत, आभाळ.

सगळ्या सेटिंगची परीक्षा घ्यायला मात्र लोणारसारखी जागा दुसरी नाही. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून निघायचं, नाक जवळजवळ नीट पूर्वेला, जालना उजव्या हाताला, वाटेत सिंदखेड राजा, आणि सरळ रेषेत सुमारे ११५ किलोमीटरवर विवर. सेस्नाला पस्तीस-चाळीस मिनिटं. ट्रिम नीट असेल तर या वेळात चहा होतो, नसेल तर दंड भरून येतात. जून २०२० मध्ये इथलं पाणी मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं आणि दोनच महिन्यांनी, १८ ऑगस्टला, नवा सिम्युलेटर बाजारात आला. करोनामुळे घराबाहेर पडायची चोरी असलेल्या त्या वर्षात लोणार पाहायचा हा सर्वांत निर्जंतुक मार्ग होता.

विवराचा व्यास आहे सुमारे १.८ किलोमीटर. सरळ गेलं तर ११० नॉटनं ते अर्ध्या मिनिटात ओलांडून होतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात वैमानिक व्ह्यूची कळ शोधत असतो. म्हणून प्रदक्षिणा घालावी. हिशेब असा, की वारा नसेल आणि ११० नॉटला पंख बरोबर २० अंश झुकवून धरले, तर विमानाच्या वर्तुळाचा व्यास १.८ किलोमीटरच येतो. म्हणजे कड्यावर कडा जुळवून, शंभर सेकंदांत एक फेरी. जणू उल्केनं सेस्नाचं माप घेऊनच खड्डा पाडला. पण झुकाव १० अंशांवर घसरला की व्यास पावणेचार किलोमीटर होतो आणि प्रदक्षिणा लोणार गावासकट पडते. ४० वर गेला की आठशे मीटरच्या आत, मग सगळी फेरी पाण्यावरच. शेंबडी वाटणारी उणे ३० ची सेन्सिटिव्हिटी इथं कामाला येते. पंख झुकवायचे आणि काठी लगेच मध्यावर आणायची. धरून ठेवली तर ते झुकतच राहतात. झुकलेल्या विमानाला पेलायला थोडी जास्त उचल लागते, २० अंशांना सहा टक्के, तेवढा काठीला मागे हलका ताण. एवढ्यासाठी ट्रिमला हात लावू नये. लावला की वळणातून बाहेर पडताच विमान नाक उडवतं.

धर्मशास्त्राची अडचण वेगळीच. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा. विमानाचा मुख्य वैमानिक बसतो डावीकडे. विवर उजव्या खिडकीत जातं आणि त्याला दिसते ती शेजारची रिकामी खुर्ची. कमळजा देवीचं देऊळ पाहायचं तर डोकं फिरवण्याची कळ अंगठ्यानं दाबावी लागते, अंगठा हलला की मनगट हलतं, आणि ज्या जॉयस्टिकमध्ये शेपटीचा रडर मूठ पिळून चालतो तिथं मनगटाबरोबर शेपूटही हलते. श्रद्धाळू माणूस उजवीकडून फिरतो आणि चाचपडतो. डावीकडून फिरणाऱ्याला देऊळ, गोमुख, काठची झाडी सगळं दिसतं. आजीनं मागून पाहिलं नाही म्हणजे झालं.

राहिला प्रश्न उतरण्याचा. निघायला धावपट्टी लागली नाही, तरी उतरायला काहीतरी सपाट लागतंच. परत चिकलठाण्याला जाण्याइतका उत्साह उरलेला नसतो, जेवणाची दुसरी हाक झालेली असते. मग लोणारहून उत्तरेकडे वळल्यावर काही मिनिटांत समृद्धी महामार्ग येतो आणि जिल्ह्यातले हौशी वैमानिक बहुमतानं तिथंच उतरतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि मेहकर-सिंदखेड राजाच्या पट्ट्याला लांबच लांब, सरळ, मजबूत काँक्रीट मिळालं. सेस्नाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर, म्हणजे तीन मार्गिका एकट्यानं व्यापतात. पंखांचे फ्लॅप सोडले की सेस्ना नाक वर करते, तेव्हा ट्रिमचं सात नंबरचं बटण दोन-तीनदा दाबायचं, शक्ती कमी करायची, आणि वेग ६५ नॉटवर आणून ट्रिम करायचा. ६५ नॉट म्हणजे ताशी १२० किलोमीटर. समृद्धीवर मोटारींना नेमकी हीच कमाल मर्यादा आहे, त्यामुळे वेगाच्या बाबतीत विमान कायद्यात बसतं. आक्षेप निघेल तो दुसऱ्याच कलमाखाली. या महामार्गावर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे, आणि सेस्ना १७२ ला चाकं तीनच असतात.